हुसेनमियाँ आणि एकेचाळिसावं पान

विम्याचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आपण सगळे ते पुस्तक घेतो, मुखपृष्ठावरचं हसरं कुटुंब बघतो, एवढे दात शाबूत असलेल्या माणसांना विमा कशाला लागतो असं मनाशी म्हणतो आणि पुस्तक कपाटात टाकतो. हुसेनमियाँ ते वाचायचे. जेवणाच्या सुट्टीत डाव्या हाताला डबा, उजव्या हाताला डिक्शनरी आणि मधे ते चौसष्ट पानांचं इंग्रजी पुस्तक. काटेरी पालू माशाच्या तुकडीतून काटे काढावेत तसे ते एकेका वाक्यातून अर्थ काढत, आणि घास मात्र न बघता तोंडात टाकत. त्यामुळे व्हायचं असं, की वाक्यातला काटा सापडायचा आणि माशातला घशात जायचा.

मियाँ रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातले. वडिलांचा मासेमारीचा धंदा. मियाँ मात्र मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले आणि एकोणऐंशी साली सौदीत जेद्द्याला एका अमेरिकन कंपनीत कारकून म्हणून लागले. कंपनी पाण्याच्या मोठमोठ्या पाइपलाइनी टाकायची. मी त्याच ऑफिसात नकाशे काढत असे. मियाँकडे टेबल होतं आजारपणाच्या बिलांचं. फॉर्म भरायचा, बिलं जोडायची, अमेरिकेतल्या विमा कंपनीकडे पाठवायची आणि तिकडून नकार आला की 'खलास' म्हणून फाइल बंद करायची, असं त्या टेबलाचं काम मियाँच्या आधीच्या कारकुनानं ठरवून ठेवलं होतं. मियाँ 'खलास'पासून कामाला सुरुवात करायचे.

याचं कारण पान एकेचाळीस. आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस अमेरिकेतल्या एका राज्यात होतं आणि विमाही तिथल्याच विमा कंपनीचा होता. आपल्याकडे दिल्ली आणि मुंबई असते तसे अमेरिकेतही केंद्राचे कायदे वेगळे आणि राज्याचे वेगळे. त्या राज्यानं विमा कंपन्यांना वेसण घालणारा एक कायदा केला होता, आणि तो आमच्या पुस्तकाच्या एकेचाळिसाव्या पानावर बारीक अक्षरात छापलेला होता. एकदा विम्यात घेतलेल्या माणसाला 'तुझा आजार जुना आहे' म्हणून पुन्हा बाहेर काढता येणार नाही. मधे खंड पडून तो परत आला तरी नाही. आणि विमा कंपनीनं नाही म्हटलं, तर कोणीही राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार करावी. खातं कंपनीला जाब विचारील. ते 'कोणीही' मियाँनी तांबड्या शाईनं अधोरेखित केलं होतं. "कोणीही म्हणजे कोणीही," ते म्हणायचे. "त्यात मिरकरवाडा आला."

पहिली लढाई गुणाजीच्या हर्नियाची. गुणाजी गुहागरकडचा, पाइप जोडणारा फिटर, कंपनीच्या कामगार-कॅम्पात राहणारा. विमा कंपनीनं कळवलं की हर्निया नोकरीच्या आधीपासूनचा दिसतो, सबब पैसे मिळणार नाहीत. मियाँनी दोन पानी पत्र टाइप केलं आणि थेट अमेरिकेतल्या त्या राज्य सरकारला पाठवलं. ऑफिसात आम्ही पोट धरून हसलो. सहा आठवड्यांनी विमा कंपनीचं दिलगिरीचं पत्र आलं आणि गुणाजीचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "मियाँ, आमच्या ग्रामसेवकाला माझं नाव धड लिहिता येत नाही, आणि अमेरिकेच्या सरकाराला माझा हर्निया ठाऊक झाला!"

तेव्हापासून कॅम्पात एक रीतच पडली. कंपनीचा कुठलाही कागद सहीला आला की तीनशे माणसं पेन खिशाला लावून उभी राहायची. "मियाँनी केली का?" मियाँनी केली असेल तर सगळे करायचे. नसेल तर कागद तसाच परत. पर्सोनेलचा अमेरिकन मॅनेजर एकदा मला म्हणाला, या कंपनीचा डायरेक्टर नक्की कोण आहे ते मला कोणी सांगेल का?

त्या विमा खात्यात मिसेस पीटरसन नावाच्या एक बाई होत्या. मियाँच्या पत्रांना उत्तरं त्यांचीच यायची. तीन-चार प्रकरणं सुटल्यावर मियाँनी त्यांना रत्नागिरीची आंबापोळी पाठवली. दोन महिन्यांनी ती परत आली. सोबत पत्र, की सरकारी नोकरांना भेटी घेता येत नाहीत, पण वास फार छान होता. एवढा प्रवास केलेली आंबापोळी आम्ही ऑफिसात वाटून खाल्ली. "सरकार असावं तर असं," मियाँ म्हणाले. "खात नाही, आणि खोटंही बोलत नाही."

मियाँच्या या सगळ्या खटाटोपाचं मूळ घरात होतं. त्यांची बायको हफीजा. मी भाभी म्हणायचो, ती मला भावजी. तिची दोन्ही मूत्रपिंडं एकोणनव्वद साली निकामी झाली. आठवड्यातून तीन दिवस, शनिवार, सोमवार आणि बुधवार, चार-चार तास एका खासगी हॉस्पिटलात मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. ते सगळं विम्यात बसत होतं. भाभीनं त्या मशीनचं नाव धोबीण ठेवलं होतं. "आज धोबिणीकडे जायचंय, भावजी. रक्त धुऊन, पिळून, वाळवून देते. इस्त्री तेवढी करत नाही, म्हणून मी अशी चुरगळलेली."

बलद या जेद्द्याच्या जुन्या वस्तीतल्या एका इमारतीत, लाकडी जाळीच्या खिडकीमागे, तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. मीठ बंद, खजूर बंद, नारळ बंद, आंबा बंद, पाणी मोजून. कोकणातल्या बाईला खोबऱ्याशिवाय जगायला लावणं ही सजा कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात नसेल. पण ती आम्हाला खोबऱ्याची कढी वाढायची आणि समोर बसून विचारायची, "कशी झालीय? नीट सांगा. मी तुमच्या जिभेनं जेवतेय." मुलगी सहर सोळा वर्षांची, इंडियन स्कूलात. आईबापांनी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत किंवा हिंदीत उत्तर द्यायचं. "सहर, भात घे." "अम्मी, आय एम फुल." या घरात भांडण जरी झालं तरी तीन भाषांत व्हायचं, त्यामुळे दमून लवकर मिटायचं.

नव्वदच्या ऑगस्टात इराकनं कुवेत घेतलं. जवळच्या ताइफच्या रस्त्यांवर पळून आलेल्या कुवेत्यांच्या, तिकडच्या पाट्यांच्या लांबलचक गाड्या दिसू लागल्या. येमेन इराकच्या बाजूचा ठरला आणि बलदमधली येमेनी लोकांची दुकानं एकामागून एक बंद झाली. लोक बाटलीबंद पाणी साठवत होते, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होते. कंपनीनं आम्हाला गॅसचे मुखवटे दिले. ते घालून गुणाजी आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हुबेहूब आमचे सासरे."

या सगळ्या गडबडीत डिसेंबरात एक परिपत्रक आलं. एक जानेवारीपासून कर्मचाऱ्यांच्या औषधपाण्याचा खर्च विमा कंपनी न देता आमची कंपनी स्वतःच्या तिजोरीतून देणार. विमा कंपनी फक्त कागद तपासणार. नवं माहितीपुस्तक यथावकाश मिळेल. परिपत्रक वाचून सही करावी.

मियाँनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि उठून उभेच राहिले. चेहरा असा, की घरात पोरगा झाला असावा.

"दलाल गेला!" ते म्हणाले.

हे समजायला बंदरावर जन्मायला हवं. मियाँच्या वडिलांची होडी दलालाच्या उचलीवर चालायची. जाळं, डिझेल, बर्फ, सगळं त्याच्या पैशानं; म्हणून मासळी त्याच्याच हाती आणि भावही तोच पाडणार. वडील म्हणायचे, समुद्र माणसाला एकदाच बुडवतो, दलाल रोज बुडवतो. मधला माणूस हटला की गरिबाचं भलं, हे मियाँ आईच्या दुधाबरोबर प्यायले होते. त्यांच्या लेखी विमा कंपनी म्हणजे तो दलाल. कंपनी आणि कामगार यांच्या मधे बसून नाही म्हणणारा. आता मालक स्वतः देणार! त्यांनी बलदच्या मिठाईवाल्याकडून बसबूसाचा, तिकडच्या रव्याच्या मिठाईचा, अख्खा थाळा आणला, ऑफिसात वाटला, कॅम्पात पाठवला, आणि परिपत्रकावर सगळ्यांत वर, लांबलचक शेपटी काढून सही ठोकली. खाली तीनशे सह्या झाल्या. त्यात माझीही होती. बसबूसा चांगला होता.

जानेवारी उजाडला आणि लढाई आता होणारच असं दिसू लागलं. कंपनीनं जाहीर केलं, की ज्यांना बायकामुलं मायदेशी पाठवायची असतील त्यांना फुकट तिकीट. मियाँच्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. वीज गेली तर? मशीन बंद पडलं तर? हॉस्पिटलं जखमी सैनिकांसाठी घेतली तर? डोंगरीला भाभीचा भाऊ सिराजुद्दीन राहायचा. त्यानं मुंबईत डायलिसिसची सोय बघून ठेवली होती.

मी त्या दिवशी त्यांच्याकडे होतो. भाभी तांदूळ निवडत होती.

"सहरचे अब्बा," ती म्हणाली, "सद्दामला मला मारायला रॉकेट कशाला पाठवायला हवं? माझी मूत्रपिंडं ते काम करतायत की फुकटात."

"थट्टा सोड गो. दोन महिन्यांचा प्रश्न आहे."

"मला नाही जायचं. इथली धोबीण माझ्या अंगाच्या ओळखीची झालीय. परक्या धोबिणीकडे लुगडं टाकलं की रंग जातो."

"अम्मी, इट्स ओन्ली टू मंथ्स," सहर म्हणाली. "स्कूल भी तो बंद है ना" असं पुढे तिनं हिंदीत जोडलं.

"तू गप. तुला मामाकडे व्हिडिओवर पिक्चर बघायचे आहेत."

तिकिटाच्या अर्जावर एक ओळ होती. कुटुंब मायदेशी असेपर्यंत त्याचा वैद्यकीय लाभ थांबेल आणि परत आल्यावर नव्यानं नोंद होईल. मी ती मियाँना दाखवली. इंग्रजी मला जेमतेम. पण 'थांबेल' हा शब्द मला कुठल्याही भाषेत आवडत नाही.

मियाँ हसले. "ती मी आधीच वाचली. करू दे की नवी नोंद. खंड पडला तरी जुन्या आजाराचं कारण काढता येत नाही. एकेचाळिसावं पान आहे आपल्याकडे."

तिकीट निघालं. बारा जानेवारीला भाभी आणि सहर मुंबईला गेल्या. विमानतळावर भाभीनं मला बजावलं, "यांना दुपारचं जेवताना पुस्तक वाचू देऊ नका. एक दिवस काट्यानं जातील, आणि मला उगाच परत यायला लागेल."

सतराला लढाई सुरू झाली. रॉकेटं रियाधवर पडली, पूर्वेकडच्या शहरांवर पडली. जेद्द्यावर एकही पडलं नाही. आमच्या डोक्यावरून विमानं गेली, एवढंच. वीज गेली नाही. हॉस्पिटल चालू राहिलं. शनिवारी, सोमवारी, बुधवारी ते मशीन दुसऱ्या कोणाचं तरी रक्त धूत राहिलं. फेब्रुवारी संपता संपता लढाई संपली आणि मार्चमध्ये, रमजानच्या चार दिवस आधी, भाभी आणि सहर परत आल्या. भाभी वाळली होती, पण जिभेची धार तशीच होती. "मुंबईच्या धोबिणीनं दोन बटणं तोडली, भावजी."

परत आल्यावरच्या पहिल्या सोमवारी हॉस्पिटलच्या खिडकीतल्या इजिप्शियन क्लार्कनं कार्ड उलटसुलट करून बघितलं, कुठेतरी फोन केला आणि म्हणाला, "हे चालत नाही." मियाँनी त्या दिवसाचे पैसे खिशातून भरले, भाभीला मशीनवर बसवलं आणि तसेच ऑफिसात येऊन मॅनेजरसमोर उभे राहिले.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यानं त्यांना बसवलं आणि कपाटातून नवं माहितीपुस्तक काढून दिलं. लढाईमुळे टपाल अडकलं होतं, गठ्ठा आदल्याच आठवड्यात आला होता. नव्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं: नव्यानं नोंद झालेल्या माणसाच्या आधीपासूनच्या आजाराचा खर्च पहिले बारा महिने मिळणार नाही. मियाँनी पुस्तक हातात घेतलं आणि सवयीनं पान एकेचाळीस काढायला गेले. नवं पुस्तक छत्तीस पानांचंच होतं.

तरी मियाँ खचले नाहीत. मला म्हणाले, "पुस्तकातून काढलं म्हणून कायदा जातो काय? भिंतीवरचं कॅलेंडर काढलं म्हणून तारीख थांबत नाही." त्या दिवशी त्यांनी मिसेस पीटरसनना तीन पानी पत्र लिहिलं. मी त्यांची पत्रं पाहिली होती. कोर्टात शोभतील अशी. हे तसं नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, मॅडम, ही दुसऱ्या कोणाची नाही, माझी बायको आहे.

उत्तराची वाट बघण्यात रमजान गेला. पैसे होते तोवर आठवड्याचे तीन दिवस चालले, मग दोन झाले. सरकारी हॉस्पिटलात खेटे घालून एक दिवस मिळाला, तोही रिकामी जागा असेल तर. कॅम्पातली माणसं यायची आणि दारात चपला काढून नुसती बसायची. गुणाजी एकदा मियाँना बाजूला घेऊन गेला.

"मियाँ, मी ऐकलंय माणसाला दोन असतात आणि एकावर भागतं. माझं एक घ्या वैनींसाठी."

"गुणाजी, ते असं स्टोरमधून पाइप काढून दिल्यासारखं नसतं रे."

"मग बसवायला काय लागतं ते तरी विचारा. जोडकाम मी तीस वर्षं करतोय, गळती व्हायची नाही."

मियाँनी खरोखर विचारलं. रक्ताचा गट जुळला नाही. आतून भाभीनं ऐकलं होतं. म्हणाली, "भावजी, त्याला म्हणावं, तुझं कॅम्पातल्या डाळभातावर पोसलेलं बसलं असतं तर मी पण रोज डाळभात मागितला असता. देवानं वाचवलं."

ईदनंतर चौथ्या दिवशी पत्र आलं. मियाँनी ते ऑफिसात उघडलं नाही. मला बरोबर घेऊन घरी आले, पाकीट सहरच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तू वाच. माझा चष्मा नीट नाही." चष्मा नाकावर होता.

सहरनं इंग्रजीत वाचलं आणि मग, आई समोर बसली होती म्हणून, अडखळत मराठीत सांगू लागली. "त्या म्हणतात, की… तुमची कंपनी जोपर्यंत विमा कंपनीकडून विमा घेत होती, तोपर्यंत आमच्या राज्याचा कायदा लागू होता. आता कंपनी स्वतः पैसे देते. मग ते इन्शुरन्स नाहीच म्हणतात. त्याला फक्त केंद्राचा कायदा लागतो. तो वरचा आहे. त्याच्यापुढे आमचा चालत नाही."

"चालेल," मियाँ म्हणाले. "मग वरच्या कायद्यात काय लिहिलंय? जुन्या आजाराचं काय?"

सहरनं पत्र खालपर्यंत वाचलं. परत वर गेली. "काही नाही, अब्बा."

"काही नाही म्हणजे?"

"त्यात त्याच्याबद्दल काही लिहिलेलंच नाही. खालचा चालत नाही, आणि वरच्यात काही नाही."

मियाँनी पत्र घेतलं. तो केंद्राचा कायदा सतरा वर्षांपूर्वी कामगारांच्या भल्यासाठीच केलेला आहे, असंही त्यात लिहिलेलं होतं. आपल्याकडे घर शाकारायला माणूस कौलं उतरवतो, तेव्हा नवी आणून अंगणात रचून ठेवतो, मग जुन्याला हात लावतो. इथं जुनी उतरवली होती आणि अंगणात काही नव्हतं. दलाल, ज्याच्या जाण्याचा बसबूसा आम्ही खाल्ला होता, तो मधे बसला होता म्हणूनच राज्याला त्याची मानगूट धरता येत होती. तो गेला आणि धरायला मानगूटच उरली नाही.

टाइप केलेल्या मजकुराखाली मिसेस पीटरसननी हातानं एक ओळ लिहिली होती. हे ठरवणं आमच्या हाती असतं तर मी आजच ठरवलं असतं.

भाभीच म्हणाली, "म्हणजे आता मला कुठलाच कायदा लागू नाही?"

"तसंच दिसतंय," मियाँ म्हणाले.

"मग सहर, ती लोणच्याची बरणी आण गो. दोन वर्षं झाली. बिनकायद्याच्या बाईला मीठ कोण मना करणार?"

आणि ती हसली. आम्हीही हसलो, सहरसकट, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बरणी कोणी आणली नाही.

वरच्या कायद्याप्रमाणे एकच वाट होती, कंपनीच्याच समितीकडे फेरविचाराचा अर्ज. ज्याच्याबद्दल गाऱ्हाणं त्याच्याच दारात गाऱ्हाणं. आणि जेद्द्याहून जाणारा असा प्रत्येक अर्ज आजारपणाच्या टेबलावरून पुढे जायचा. हुसेनमियाँनी अर्ज लिहिला, स्वतःच्याच टेबलावर ठेवला, टेबलाला वळसा घालून खुर्चीत बसले, त्यावर 'मिळाला' असा शिक्का मारला, खाली कारकून म्हणून सही केली आणि पाकिटात घातला. मी माझ्या टेबलावरून बघत होतो. हसू येण्यासारखं होतं. आलं नाही.

तीन आठवड्यांनी टेलेक्स आला. नियमानुसार अर्ज नामंजूर.

तोवर भाभीचे पाय सुजले होते. तिसऱ्या मजल्यावरून उतरताना ती प्रत्येक वळणावर थांबायची आणि म्हणायची, "इथं नजारा बघायला थांबतेय." जिन्यात नजारा नव्हता, विजेचा मीटर होता. मियाँनी ठरवलं, की नोकरी सोडायची आणि सगळ्यांनी मुंबईला जायचं. कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर आमचे व्हिसा होते त्या सौदी मालकाकडे, अर्ज दिला, त्याच्याकडे ठेवलेले पासपोर्ट मागितले. कागद फिरत होते. मे महिन्यात एका गुरुवारी सकाळी, सहरच्या वेण्या घालता घालता, भाभी म्हणाली, "थांब, माझा हात जड झालाय." सरकारी हॉस्पिटलनं त्या दिवशी काही विचारलं नाही, लगेच आत घेतलं. दुपारी ती गेली. तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजनंतर, तिला जेद्द्यातच दफन केलं. कॅम्पातून दोन बस भरून माणसं आली होती. गुणाजी कब्रस्तानाच्या दाराबाहेर उन्हात उभा होता. त्याला कोणी आत जायला मना केलेलं नव्हतं; आत गेलेलं चालतं का ते विचारायचं कोणाला, एवढंच त्याला सुचेना.

चाळिसावा झाल्यावर मी मियाँकडे गेलो. सहर आतल्या खोलीत अभ्यास करत होती. तिनं एका मोठ्या कागदावर अमेरिकेच्या त्या केंद्राच्या कायद्याविरुद्ध पत्र लिहायला घेतलं होतं, कोणाला पाठवायचं ते अजून ठरलं नव्हतं. मियाँ खिडकीपाशी बसले होते. अशा वेळी माणूस जे बोलतो तेच मी बोललो.

"मियाँ, मनाला लावून घेऊ नका. नियमच तसे झाल्यावर तुम्ही तरी काय करणार? भाभी इथं राहिली असती, तरी त्यांनी काहीतरी कारण काढलंच असतं."

मियाँनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला. क्षणभर मला वाटलं, पटलं.

"नाही," ते म्हणाले. "मी बघितलं. जानेवारीत ज्यांची माणसं इथंच होती, त्यांचं सगळं पहिल्यासारखं चालू राहिलं. त्यांना ते बारा महिने लागूच नाहीत. नव्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. ते वाक्य मी पुष्कळदा वाचलं."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"ती इथं असती, तर आज असती. मीच पाठवली."

आतून सहरच्या खुर्चीचा आवाज आला. मियाँनी तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"तुम्ही हे तिला सांगू नका, भाऊ. तिला वाटतंय, सगळं अमेरिकेच्या कायद्यानं केलं. तसंच वाटू दे."